राणी नसलेली पेटी

त्या वर्षी आमच्या घरी आलेल्या मधमाश्यांची राणी माझ्या अंगठ्याखाली चिरडून मेली. हे वाक्य मी पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा लिहितो आहे. तोंडाने तर अजून एकदाही उच्चारलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, दादाला सांगितलं नाही, आबा जिवंत होते तोवर त्यांनाही नाही. कुणी म्हणेल, माशीच ती, त्यात काय एवढं. मीसुद्धा बरीच वर्षं स्वतःला असंच म्हणत आलो. म्हणून नुसती राणीची गोष्ट सांगून भागणार नाही. आमचं घर, आबांचे कान आणि मंगलवहिनी, हे सगळं सांगावं लागेल.

आम्ही सुरतेच्या गोडादऱ्यात राहायचो. एकामागे एक दोन खोल्या, त्यामागे थोडी मोकळी जागा, तिथे धुण्याचा दगड, पाण्याची टाकी आणि शेवग्याचं एक झाड. पलीकडे तेव्हा अजून शेतं होती, भेंडीची आणि उसाची, आणि त्याच्याही पलीकडे खाडी. पण कानाला शेत कधी लागलंच नाही. आजूबाजूला सगळी लूम्सची खाती, म्हणजे कापड विणायचे छोटे कारखाने, रात्रंदिवस एकच खडखडाट, आणि वीज गेली की एवढी शांतता पसरायची की झोपलेली माणसं दचकून उठायची. घरात कपड्यांना, अंथरुणाला, आबांच्या मिशीलासुद्धा मशीनच्या तेलाचा वास. माय सकाळी कळण्याच्या भाकरी थापायची आणि तिसऱ्या-चौथ्या भाकरीपर्यंत मिरचीच्या ठेच्याचा ठसका रमीलाबेनच्या घरात पोचायचा. रमीलाबेन म्हणजे आमची भिंतीला भिंत असलेली शेजारीण. ती पलीकडून खोकत गुजरातीत ओरडायची, "अरे मारी नाखशो अमने!" आणि दुपारी तोच ठेचा वाटीभर मागून न्यायची. आम्ही घरात अहिराणी बोलायचो. इथे मी बहुतेक सगळं मराठीत लिहितो आहे. मायचं तेवढं तसंच ठेवलंय, कारण तिचा आवाज मला दुसऱ्या बोलीत आठवतच नाही.

आबांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी त्यांच्या मामाकडून मधमाश्या सांभाळायचं शिकून घेतलं होतं. सुरतेत आल्यावर लूम्सवर उभं राहून त्यांचं आयुष्य गेलं, पण शेवग्याखाली एक मधपेटी त्यांनी कायम ठेवली. पेटी म्हणजे लाकडी खोकं, आत फायलींसारख्या टांगलेल्या चौकटी, त्यांवर माश्या पोळी बांधतात. वर्षातून दोनदा मध निघायचा. गरम भाकरीवर तो ओतून आबा पहिला घास मायला द्यायचे, आणि ती लाजून "पोऱ्या देखी राहिनात" म्हणत तोंड फिरवायची. मात्र माझ्या आठवणीतले आबा जवळजवळ बहिरेच आहेत. खात्यातल्या खडखडाटाने त्यांचे कान खाल्ले होते आणि डोळ्यांतही मोतीबिंदू उतरत होता. माश्यांचं काम तर निम्मं कानाचं. आबा सांगायचे, पेटीवर बोटाच्या पेराने टकटक करायची आणि ऐकायचं. आत राणी असेल तर माश्या एकदम 'भुस्स' करतात आणि लगेच गप्प होतात, हाक मारल्यावर माणूस 'हं' म्हणतो तसं. राणी नसेल तर तो आवाज थांबत नाही, लांबत जातो, चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. "बाया रडतात तसा," आबा म्हणायचे. त्यांना स्वतःला आता यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते टकटक करायचे, मी पेटीला कान लावायचो आणि त्यांच्याकडे बघून मान हलवायचो. माझ्या मानेवर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

मंगलवहिनी म्हणजे दादाची बायको. शिरपूरकडच्या एका खेड्यातून ती आमच्याकडे आली तेव्हा मी शाळेत होतो. हे घडलं तेव्हा शाळा सोडून मीही खात्यात लागलो होतो. मधल्या वर्षांत तिला मूल झालं नव्हतं. दादा लूम्स दुरुस्त करायचा, हाताने हुशार, तोंडाने तुसडा. जेवताना तो तिच्याकडे न बघता ताट पुढे सरकवायचा. मायचे नवस झाले, अंगारे झाले, मग दादाच्या दुसऱ्या लग्नासाठी आमच्या मामाच्या मुलीचं नाव घरात निघायला लागलं, आधी हळू आवाजात आणि नंतर वहिनी ताटं वाढत असतानाही. वहिनी हे सगळं ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची. घरात तिचं खरं जमायचं ते आबांशी. बाकी आम्ही सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायचो. ती त्यांच्या समोर येऊन उभी राहायची, तोंड त्यांच्या तोंडासमोर आणायची आणि हळू बोलायची. आबा तिच्या ओठांवरून सगळं समजून घ्यायचे. एकदा मी विचारलं, तुला हे कसं सुचलं? ती म्हणाली, "माझ्याशी कुणी ओरडून बोललं तर मलापण काही कळत नाही रे, संजूभाऊ."

होळीच्या आधी, शेवगा पांढऱ्या फुलांनी भरलेला असताना, खाडीकडून एक थवा आला. माझी सुट्टी होती. आधी मला वाटलं वीज गेली, कारण खडखडाटाच्या वर कसलातरी वेगळा घुमारा चढला होता. बाहेर आलो तर रमीलाबेनच्या कुंपणावर झुकलेल्या आमच्या फांदीभोवती हवा तपकिरी झालेली. बघता बघता तो सगळा ढग फांदीवर उतरला आणि भोपळ्याएवढा घोस लोंबायला लागला.

"अरे संजयभाई, आ शुं थयुं?" रमीलाबेन दार अर्धवट उघडून ओरडली. "केरोसीन नाखो ने, बधां मरी जशे!"

"आत जा रमीलाबेन," वहिनी हसत म्हणाली. "यांना गोड माणसं लागतात. आधी तुम्हालाच धरतील."

"जो तो, आ वहु बौ बोलती थई गई!" म्हणत तिने दार लावलं आणि खिडकीतून बघत राहिली.

माय पदर डोक्यावर घेऊन बाहेर आली. घोसाकडे बघून तिने हात जोडले. "आते देख, लक्ष्मी सोताहून दारले उनी," ती म्हणाली, आणि मग वहिनीकडे वळून, "ह्या माश्या टिकन्यात ना मंगल, ते तुना पाळनाबी हालई, देखजो." दादा दारात दात घासत उभा होता. तो म्हणाला, "आणि नाही टिकल्या तर?" वहिनीचं हसू गेलं. तिने पदर कमरेला खोचला आणि आबांना हात धरून बाहेर आणलं. तिच्या त्या घरातल्या राहण्या-न राहण्याची पैज त्या फांदीवर लागली होती. हे मला तेव्हा नीट कळलं होतं. नंतर मी म्हणू शकलो असतो की कळलं नव्हतं, पण ते खरं नाही.

आबा खूश झाले. रिकामी पेटी त्यांच्याकडे तयारच होती. नारळाच्या शेंड्या पेटवून त्यांनी धूर केला, शिडी लावली आणि मला म्हणाले, राणी तू शोध, माझ्या डोळ्यांना आता सापडायची नाही. बाकीच्यांपेक्षा लांब, पोट निमुळतं, पंख आखूड. पंखाला धरायचं, पोटाला हात नाही लावायचा. मग जाळीच्या डबीत घालून बूच लावायचं. डबी पेटीत टांगली की राणीच्या वासावर सगळ्या माश्या आपणहून आत येतात. मी घोसात हात घातला. कोमट, जिवंत, सारखी सरकणारी ती जडशी वस्तू मनगटापर्यंत चढली, आणि मला भीती वाटली नाही. राणी सापडली. मी वरूनच ओरडलो, वहिनीने आबांना ओठांनी सांगितलं. आबांनी रमीलाबेनच्या खिडकीकडे, दादाकडे, सगळ्यांकडे बघत म्हटलं, "याचा हात माझ्यासारखा आहे." बहिरी माणसं बोलतात तसं, खूप मोठ्याने. आबा कुणाची स्तुती करत नसत. मी राणीला डबीत सोडलं आणि घाईने बूच दाबलं. ती अर्धी बाहेर आलेली होती. अंगठ्याखाली तांदळाचा शिजलेला दाणा फुटावा तसं काहीतरी झालं.

आबांनी खाली टोपली धरली होती, त्यांची नजर फांदीकडे. कुणीच पाहिलं नाही. मी बूच पुन्हा नीट बसवलं, मेलेली राणी आत ढकलून, आणि डबी पेटीत टांगली. मेलेल्या राणीलाही वास असतो. आबांनी फांदी झटकली, घोस टोपलीत पडला, टोपली पेटीपुढे पालथी घातली, आणि माश्या रांगेने, लग्नाच्या पंगतीला जावं तशा, आत चालत गेल्या. हे मी अजून विसरलेलो नाही. त्या तिच्यामागे गेल्या. जुन्या पेटीतली एक चौकट काढून आबांनी त्यांना दिली, पिल्लांवर झाकणं चढलेली, म्हणजे माश्यांना घर सोडवत नाही. ताज्या अंड्यांची चौकट त्यांनी जुन्या पेटीतच ठेवली. आता जे सांगतो ते नीट समजून घ्यायला हवं: राणी मेली तर ताज्या अंड्यांतून माश्या स्वतःच नवी राणी वाढवतात. आबांना तेव्हाच सांगितलं असतं, तर त्यांनी चौकट बदलली असती आणि सगळं सावरलं असतं. फार तर मला एक शिवी मिळाली असती. संध्याकाळी मायने गुळाचा सांजा केला, रमीलाबेनकडे ताट गेलं, दादाने वहिनीला "तूपण घे" म्हटलं. ते ऐकून ती ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. माझं सांगणं राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला राणी डबीतून मोकळी करायला सांगितली. मी डबी उघडून तिला शेवग्याच्या मुळाशी मातीत टाकलं. त्याच्या पुढच्या दिवशी ते पेटीजवळ उकिडवे बसले, पेराने टकटक केली आणि माझ्याकडे बघितलं. मी कान लावला. आतून तो लांब आवाज आला, चढत, उतरत, न थांबता. आबांनी सांगितलं होतं अगदी तसा. मी मान हलवली. "शांत," मी म्हणालो. "राणी आहे."

थोड्या दिवसांनी वहिनी बाहेर बसली. पाळीचे ते दिवस आमच्याकडे बाईने मागच्या जागेत, टाकीच्या सावलीला, वेगळं ताट-वाटी घेऊन काढायचे. घरात शिवायचं नाही, देवाकडे बघायचं नाही. म्हणजे दिवसभर तिची सोबत शेवग्याखालच्या दोन पेट्या. तिसऱ्या दिवशी मी खात्यातून आलो तेव्हा ती लांबूनच म्हणाली, "संजूभाऊ, नव्या पेटीचा आवाज बरा नाही. जुनी गुणगुणते. ही सारखी कण्हते. मी कान लावून बघितलं."

"तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हणालो.

"कळत नाही, म्हणून तर तुला सांगते. आबांना सांग ना."

ती आबांना स्वतः सांगू शकली असती, पण त्या दिवसांत त्यांच्या समोर जाऊन उभं राहायचं नव्हतं आणि ओरडून सांगितलं असतं तर मायने ऐकलं असतं. तरी आबांना तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं. त्यांनी पेटी उघडायला लावली. "अंडी दिसतात का बघ," ते म्हणाले. पोळ्यातल्या घरांच्या तळाशी बारीक पांढरी अंडी दिसतात, त्यांना ती दिसणार नव्हती. मी चौकट उन्हात धरली. घरं रिकामी होती. "दिसतात," मी म्हणालो, "भरपूर." आबांनी वहिनीकडे बघून हात हलवला, सगळं ठीक आहे असा. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असावं आपणच चुकलो. तिचा माझ्यावर विश्वास होता.

होळी झाली, ऊन तापलं, शेवग्याची फुलं गळून शेंगा धरल्या. नव्या पेटीच्या दारातली ये-जा रोज कमी होत गेली. एका सकाळी आबांनी झाकण काढलं तर चौकटींवर जाळ्या, त्यांत वळवळणाऱ्या अळ्या, आणि तळाशी ओंजळभर मेलेल्या माश्या. जुनी पेटी शेजारीच भरभरून वाहत होती. आबांनी झाकण परत लावलं. माय बाहेर आली.

"पेटीजोडे कोन गयथं?" तिने मला विचारलं, दादाला विचारलं, आणि मग जिला विचारायचं होतं तिला. "मंगल, तू बाहेर बसेल व्हती तवय पेटीले हात लावा का?"

"हात नाही लावला," वहिनी म्हणाली. "कान लावला होता. आवाज वाईट होता म्हणून. मी संजूभाऊला तेव्हाच सांगितलं होतं."

"कान लावा!" माय खालीच बसली. "इटाळना कान लावा पेटीले! मन्ही लक्ष्मी मारी टाकी हिनी."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. सांग ना, एवढंच त्या बघण्यात होतं. खरंतर काय सांगायचं आहे ते तिलाही माहीत नव्हतं. तिला फक्त माझ्याकडून 'हो, तिने सांगितलं होतं' एवढं हवं होतं. मी धुण्याच्या दगडाकडे बघत होतो. आबांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी माझा दंड धरून विचारलं, "काय म्हणते ती?" मी म्हणालो, "काही नाही."

दादाला कारण हवंच होतं. "चार दिवस माहेरी जाऊन ये," तो म्हणाला. आमच्यात सासरची सून माहेरी गेली की आपणहून परतत नाही, सासरचं कुणीतरी आणायला जावं लागतं. निघताना ती बसमध्ये चढायच्या आधी माझ्याशी बोलली. "मला आणायला तूच ये, संजूभाऊ. ते आले तर सगळा रस्ता भांडत आणतील." मी "येईन" म्हणालो. मग खात्यातल्या पाळ्या होत्या, मग लग्नसराई, मग पाऊस. कुणी गेलं नाही. तिच्या भावाने दोनदा निरोप पाठवला. पुढे पंच बसले, फारकत झाली. कारण काय, असं पंचांनी विचारलं तेव्हा मायने पेटीची गोष्ट सांगितली, आणि म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या. मी तिथेच बसलो होतो. मामाची मुलगी घरात आली. तिला दोन मुलं झाली, गुणी आहेत, मला काका म्हणतात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण लहानपणी ती मुलं दंगा करायला लागली की मला तिथून उठून जावं लागायचं.

आबांनी जुनी पेटी भेस्तानच्या एका माणसाला देऊन टाकली. त्यानंतर त्यांनी कशावरही टकटक करून मला ऐकायला बोलावलं नाही. ते काय समजले आणि काय नाही, मला माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही आणि ते गेले. शेवटची वर्षं त्यांच्याशी हळू बोलणारं घरात कुणी नव्हतं. आम्ही ओरडायचो, ते भिंतीकडे तोंड करून घ्यायचे.

वहिनी शिरपूरकडेच असते, भावाच्या घराला लागून एका खोलीत. शिवणकाम करते. दुसरं लग्न झालं नाही. ज्या बाईने घरची लक्ष्मी मारली तिला कोण करून घेणार, असं लोक बोलले म्हणे. काही वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतताना स्टँडवर ती मला दिसली. केस पांढरे झालेले, हातात कापडाची पिशवी. तिने मला ओळखलं आणि तोंड उघडलं, बहुधा 'संजूभाऊ' म्हणायला. मी वळून पाणी प्यायला गेलो. परत आलो तेव्हा तिची गाडी सुटलेली होती.

मंगलवहिनीचं मी हे देणं लागतो: तिच्या भावाच्या ओट्यावर गावातली माणसं बोलावून, तिच्यासमोर उभं राहून, ओरडून नाही तर हळू, सगळ्यांना कळेल असं सांगायचं की राणी मी मारली, तिने ऐकलेलं खरं होतं आणि मी खोटं बोललो. इथे लिहिलं म्हणून ते फिटलं असं मी धरत नाही. ते अजून द्यायचं आहे.